झोपेचा रोग आणि दुबईतलं बाळंतपण



आमच्या लहानपणी शाळेत एखादा मुलगा बाकावर डुलक्या काढू लागला की गुरुजी त्याला कुंभकर्ण म्हणायचे आणि सगळा वर्ग खो खो हसायचा. आम्हीही हसायचो. पुढे आम्ही नर्स झालो, इस्राएलला आलो, सारा जन्म वॉर्डात काढला. रात्रपाळ्या किती केल्या त्याचा हिशेब नाही. झोप कशी मारायची, खुर्चीत बसल्या बसल्या दहा मिनिटं कशी चोरायची, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. तरीसुद्धा सख्ख्या बहिणीच्या मुलीला झोपेचाच रोग जडला आहे हे आमच्या लक्षात आलं नाही. एक नाही, दोन नाही, तेरा वर्षं. ही कबुली आधी देऊन टाकतो, मग पुढचं सांगतो.

रोगाचं नाव नार्कोलेप्सी. भाची ठाण्याला वाढली. २००३ साली, पंधरा वर्षांची असताना, तिला दिवसा झोप आवरेनाशी झाली. वर्गात झोपायची, बसमध्ये झोपायची, जेवताना घास हातात घेऊन झोपायची. घरात सगळे आळशी म्हणायला लागले. मग रात्रीचा प्रकार सुरू झाला. जाग यायची, पण हातपाय हलायचे नाहीत, ओरडता यायचं नाही, आणि छातीवर कोणी बसलंय असं स्पष्ट दिसायचं. बहिणीने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, एलियाहू हन्नाबीला नवस बोलली. नवसाला आमचं काही म्हणणं नाही. पण नवसाबरोबर मेंदूच्या डॉक्टरकडेही जायला हवं होतं, आणि ते सांगायचं काम घरातल्या नर्सचं होतं.

२००७ साली आम्ही दोघं भारतात गेलो तेव्हा त्याच नवसाचा मलिदा होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. मलिद्याचं ताट घेऊन भाची बाहेर आली, तिच्या मामाने काहीतरी चेष्टा केली, ती हसली आणि हसता हसता गुडघे दुमडून खाली गेली. पोहे, खोबरं, बेदाणे सगळे लादीवर. कोणी म्हणालं फिट आली, कोणी म्हणालं नाटक करते. आम्ही धावलो, नाडी पाहिली, ठीक होती. डोळे उघडे होते आणि ती आमच्याकडेच बघत होती. अर्ध्या मिनिटात उठून बसली. आम्ही निदान केलं: अशक्तपणा. लोहाच्या गोळ्या द्या, खजूर द्या, रात्री लवकर निजवा. नर्सचा शब्द म्हणून बहिणीने तो मानला आणि पुढची नऊ वर्षं कोणी मोठ्या डॉक्टरकडे गेलं नाही.

हा रोग आहे तरी काय

हसल्यावर, राग आल्यावर किंवा दचकल्यावर अंगातलं बळ एकदम जाणं आणि शुद्ध मात्र शाबूत राहणं, याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. मोठ्या फिटमध्ये माणूस शुद्ध हरपतो, इथे त्याला सगळं ऐकू येत असतं. कधी पूर्ण माणूस खाली बसतो, कधी नुसती मान लटकते, जबडा सैल पडतो किंवा हातातला कप सुटतो. हे लक्षण नार्कोलेप्सीशिवाय सहसा दुसरीकडे दिसत नाही, म्हणून ते ओळखता आलं तर निदान निम्मं झालंच.

नार्कोलेप्सी हे नाव जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली दिलं. पण कारण सापडायला शंभरावर वर्षं गेली. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तिथल्या काही पेशी एक रसायन तयार करतात. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी ते शोधलं आणि दोन नावं दिली, हायपोक्रेटिन आणि ओरेक्सिन. माणसाला जागं ठेवणं आणि झोपेला तिच्या जागी ठेवणं हे त्याचं काम. कॅटाप्लेक्सी असलेल्या रोग्यांच्या मेंदूत या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात, हे २००० साली दिसून आलं. शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून त्यांच्यावर उलटते असं आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. निरोगी माणसाला स्वप्नांच्या झोपेत शिरायला तास-दीड तास लागतो. हे लोक दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोचतात. स्वप्नात आपले स्नायू निसर्गतःच सैल पडलेले असतात. तीच सैल अवस्था जागेपणी आली की गुडघे वळतात, आणि जाग आल्यावरही ती राहिली की छातीवर भूत बसतं. म्हणजे भूत नाही, नाटक नाही, आळस तर नाहीच.

युरोप-अमेरिकेत साधारण दोन हजारांत एकाला हा रोग असतो असं धरतात. आमच्या इस्राएलमध्ये तो फार कमी आहे, असं १९८७ साली टेक्निऑनच्या पेरेत्झ लावी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने लिहिलं होतं. रोग दुर्मीळ असला की डॉक्टरांच्याही मनात तो चटकन येत नाही. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत दहा-बारा वर्षं जाणं हे जगभर सर्रास घडतं.

दुबईतले दिवस

भाची २०१३ साली हिशेबनिसाच्या नोकरीवर दुबईला गेली. तिथे तिचे हाल झाले. झोपेतच आकडे लिहायची. अक्षर सरळ चाललेलं असायचं आणि मग ओळ सोडून कागदाच्या कोपऱ्यापर्यंत घसरत जायची, आणि जाग आल्यावर आपण काय लिहिलं ते तिलाच कळायचं नाही. पहिल्या कंपनीने तिला काढून टाकलं. तिकडे नोकरदाराचा राहण्याचा व्हिसा नोकरीवर टांगलेला असतो. नोकरी गेली की दुसरी मिळवायला मोजके दिवस हातात राहतात, नाहीतर सामान आवरायचं.

मेट्रोतही तीच कथा. स्टेशन निघून जायचं आणि ती शेवटच्या स्टेशनवर जागी व्हायची. मेट्रोच्या दंडांच्या यादीत, मनाई असलेल्या जागी झोपण्याला ३०० दिरहम दंड लिहिलेला आहे. ती यादी वाचल्यापासून बायकांच्या डब्यात जागा रिकामी असली तरी ती उभी राहायची, दांडा धरून, आणि मनगटावर थरथरणारं घड्याळ बांधायची.

दुसऱ्या नोकरीतल्या एका सहकारी बाईने तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे धाडलं. २०१६ साली दुबईतच तपासणी झाली. आधी रात्रभर डोक्याला तारा लावून झोपायचं, मग दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत पडायचं, असं चार-पाच वेळा. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि निदान दोनदा लगेच स्वप्नांची झोप आली, तर रोग पक्का धरतात. आमच्या भाचीला दोन-तीन मिनिटांत झोप लागत होती. तिने बहिणीला फोन केला आणि म्हणाली, "आई, मी आळशी नाहीये. कागदावर लिहून दिलंय." बहीण फोनवर रडली. आम्हांला दुसऱ्या दिवशी कळलं आणि आम्ही काय केलं असेल ते वाचकांनी समजून घ्यावं.

त्यानंतर दिवस बसवता आला. सकाळी गोळी. दुपारचं जेवण हलकं, भात कमी, कारण पोटभर भात खाल्ला की झोप दारातच उभी. आणि ठरलेल्या वेळी वीस मिनिटांची झोप. ती गोळीइतकीच महत्त्वाची. नव्या साहेबांनी फायली ठेवायच्या खोलीत एक आरामखुर्ची टाकून दिली. अमिरातीत उन्हाळ्यात, १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत, उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांना साडेबारा ते तीन सुट्टी द्यावीच लागते. २००५ पासून हा नियम आहे. भाची म्हणते, "उन्हापुढे माणसाचं चालत नाही हे सरकारला पटलं, तसं झोपेपुढे माझं चालत नाही हे साहेबांना पटलं." गाडी मात्र ती चालवत नाही. शेख झायेद रस्त्यावर एक डुलकी म्हणजे काय, ते सांगायला नको.

खसखस आणि गोळ्या

२०२२ साली भाचीला दिवस गेले. तोवर बहिणीचे गुडघे कामातून गेले होते. बाळंतपणाला कोण जाणार? २०२० सालच्या नोव्हेंबरात तेल अवीवहून दुबईला थेट विमानं सुरू झाली होती. ऑक्टोबरात आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी निघालो.

डिंकाचे लाडू करायला घेतले तेव्हा भाचीचा फोन आला, "मावशी, खसखस अजिबात घालू नकोस हं!" अमिरातीत खसखशीला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. आमच्या जन्मात पहिल्यांदा आम्ही खसखशीवाचून डिंकाचे लाडू वळले.

यात थट्टेचा भाग थोडा आणि शहाणपणाचा जास्त आहे. गुंगीच्या आणि उत्तेजक औषधांबद्दल तिकडचा कायदा फार कडक आहे. नार्कोलेप्सीवर देतात त्यातलं मिथिलफेनिडेट, म्हणजे आपल्याकडे मुलांना देतात ते रिटालिन, अशाच नियंत्रित औषधांत मोडतं. ते नेणाऱ्याने प्रवासाआधी तिथल्या सरकारकडून ऑनलाइन परवाना काढावा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अहवाल जवळ ठेवावा, आणि गोळ्या मूळ पाकिटातच न्याव्यात. आपल्यापैकी पुष्कळजण आता मुलानातवंडांकडे दुबईला जातात, पिशवीत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्या असतात. कोडिन आणि ट्रॅमाडोल असलेल्या गोळ्यांनाही हेच लागू आहे, हे ध्यानात असू द्या.

दिवस राहिले तेव्हा भाचीने डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळ्या गोळ्या बंद केल्या होत्या. मोडाफिनिल हे दुसरं औषध पोटातल्या बाळाला धोक्याचं ठरू शकतं, अशी सूचना युरोपात निघालेली आहे. शिवाय ते घेत असताना पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा असर कमी होतो. हे तरुण मुलींना कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही इथे छापून सांगतो. दूध पाजायचं म्हणून बाळंतपणानंतरही गोळ्या बंदच. म्हणजे आम्ही करामातल्या त्या घरात पोचलो तेव्हा औषधाशिवायची नार्कोलेप्सी, पाच दिवसांचं बाळ आणि रात्रीची जागरणं, असं तिन्ही एकत्र आलं होतं.

ड्यूटी चार्ट

आम्ही पहिल्याच दिवशी वॉर्डात लावतो तसा ड्यूटी चार्ट फ्रिजवर चिकटवला. या रोगात रात्रीची झोपही तुकड्यातुकड्यांची असते, म्हणून आईला सलग चार तास तरी मिळायलाच हवेत. रात्री अकरा ते तीन आमचे मिस्टर. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मात कधी चहा केला नाही, पण काढून ठेवलेलं दूध कोमट करून बाटलीने पाजायला आठ दिवसांत शिकले. तीन ते सात जावई. सकाळपासून आम्ही.

घराचे नियमही केले. बाळाला घेऊन उभं राहायचं नाही, चालायचं नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं तर बाबागाडीतून. पाजायचं ते जमिनीवर गादी टाकून, पाठ भिंतीला, दोन्ही बाजूंना उशा, आणि शेजारी जागं माणूस. पाजून झालं की बाळ लगेच पाळण्यात. आईच्या कुशीत निजवायचं नाही, मग ते कितीही गोड दिसो. अंघोळ एकटीने कधीच नाही. लंगोट बदलायचा तो खाली चटईवर. तळणीजवळ तिने जायचं नाही. आणि सकाळी अकराला व दुपारी तीनला तिने वीस वीस मिनिटं निजायचं, घरात कोणीही पाहुणा बसलेला असो.

यातलं शेवटचं तिला सगळ्यांत जड गेलं. शेजारपाजारच्या बाया बाळ बघायला यायच्या. अकरा वाजले की ही लाजून बसून राहायची, मग मान पडायची. शेवटी आम्हीच सांगू लागलो, "तिची औषधाची वेळ झाली." झोपेला औषध म्हटलं की कोणी काही बोलत नसे.

बाळ हसलं तेव्हा

बाळ सहा आठवड्यांचं झालं. एके सकाळी पाजून झालं होतं, बाळ मांडीवरच्या उशीवर होतं, आणि ते आईकडे बघून हसलं. झोपेतलं नव्हे, ओळखीचं, पहिलं. भाचीचा चेहरा उजळला, आणि त्याच क्षणी मान छातीवर पडली, जबडा सुटला, दोन्ही हात बाजूला घसरले. आमचा तळवा आधीच बाळाखाली होता. भाचीचे डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. अर्ध्या मिनिटाने जीभ वळली तशी म्हणाली, "मावशी, मी सोडलं का तिला?"

"नाही सोडलंस. ती उशीवर आहे, बघ."

त्यानंतर चार-पाच दिवस आम्हांला काहीतरी खटकत राहिलं. बाळ हसू लागलं की भाची खिडकीकडे बघायची. पाजताना टीव्हीवरच्या बातम्या लावायची. आम्ही विचारलं तेव्हा आधी काही नाही म्हणाली, मग म्हणाली, "मी आनंद झाला की पडते ना गं, म्हणून आनंदच नको. ऑफिसात मी असंच करते. कोणी विनोद सांगायला लागलं की मनात पाढे म्हणते." या रोगाचे पुष्कळ रोगी असंच करतात. हसू नये म्हणून पार्टीला जात नाहीत, मित्र तोडतात. पण लेकराचं हसू टाळायचं म्हणजे काय! आणि आईचं तोंड सदा फिरलेलं बघून बाळानेही हसणं सोडलं तर?

तेव्हा आम्ही तिला २००७ची गोष्ट काढून सांगितली. म्हटलं, त्या दिवशी तू हसलीस आणि पडलीस, आणि आम्ही तुला खजूर खायला सांगितलं. आमची चूक झाली. ती म्हणाली, "जाऊ दे मावशी, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं." तसं नव्हतं. सात वर्षांपूर्वीच पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं. माहीत सगळं होतं, फक्त आम्हांला नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नाही. ते आम्ही तिला सांगितलं, आणि मग म्हटलं, "आता आमचं ऐक. खाली बस आणि हस. पडायला जागाच ठेवू नको, मग कितीही हस."

त्या दिवसापासून टीव्ही बंद. रोज सकाळी गादी, भिंत, उशा, आमचा हात, आणि मायलेकी एकमेकींकडे बघून हसताहेत. मान पडायची, अर्धा मिनिट जायचं, मान उठायची, बाळ तिथेच. महिनाभराने झटके थांबले असं नाही, ते काही थांबत नाहीत. पण भीती कमी झाली.

पुढे

बाळंतपणाची ६० दिवसांची रजा संपली आणि भाची कामावर गेली. तिकडच्या कायद्याने बाळंतिणीला सहा महिने रोज तासाभराची जादा सुट्टी मिळते, दूध पाजण्यासाठी. तेवढ्यात ती दूध काढून ठेवायची, आणि जेवणाच्या सुट्टीत फायलींच्या खोलीत निजायची. दूध तोडल्यावर डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मुलीलाही हा रोग होईल का, ही चिंता तिला आहेच. सख्ख्या नात्यात तो होण्याची शक्यता शंभरात एक-दोन इतकीच असते, म्हणजे इतरांहून जास्त, पण तशी थोडी. रोग मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. मेंदूतल्या त्या हरवलेल्या रसायनाची जागा घेणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्यांचे निकाल मात्र आशा वाटावी असे आले आहेत.

आता ती मुलगी शाळेत जाऊ लागली आहे. आई हसता हसता खाली बसली की तीही शेजारी मांडी घालून बसते आणि आई उठेपर्यंत वाट बघते. तिला त्यात नवल वाटत नाही.

वाचकहो, तुमच्या घरात, शेजारात एखादं पोर दहा-पंधरा-वीस वर्षांचं असेल, रात्री वेळेवर निजूनही दिवसा जागा मिळेल तिथे झोपत असेल, हसताना ज्याचे गुडघे वळत असतील, झोपेतून उठताना अंग हलत नाही म्हणत असेल, तर त्याला कुंभकर्ण म्हणू नका. आमच्यासारखं खजुरावरही भागवू नका. झोपेच्या विकारांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या, आणि हसताना गुडघे वळतात हे आपणहून सांगा, कारण डॉक्टर ते विचारतीलच असं नाही. निदान झालेलं असेल, तर त्याला निजायला जागा द्या आणि हसायलाही.

सर्वांना आरोग्य लाभो. शालोम.